चिचगडवालीची बॅटरी

"आली नाही" हा निकाल होऊच शकत नाही, असं आमच्या मोठ्या डॉक्टरांनी टेबलावर बोट आपटून सांगितलं, तेव्हाच मी समजले की आता आपली खैर नाही.

मी गोंदियातल्या एका हॉस्पिटलात ईसीजी काढते. पेशंटला आडवं करायचं, छातीला वाट्या चिकटवायच्या, पट्टी निघाली की फाडून डॉक्टरांपुढे ठेवायची, एवढंच माझं राज्य. त्यात मी सुखी होते. पण डॉक्टरांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. आमच्याकडे इतक्या वर्षांत ज्यांना ज्यांना पेसमेकर बसवला, त्यांचं पुढे काय झालं हे जुन्या फायलींवरून शोधून काढायचं. कंपनीवाले चकचकीत कागदावर छापतात की बॅटरी अमुक वर्षं चालते आणि पेशंट मजेत राहतो. "तो कंपनीचा पेशंट," डॉक्टर म्हणाले. "आपला पेशंट बैलबंडीत बसून खड्ड्यांतून हिंडतो, मोटारपंपात हात घालतो, धानाचे भारे डोक्यावर वाहतो. त्याच्या छातीतली मशीन कशी टिकते, ते कोणी पाहिलं आहे?" विचार मोठा चांगला होता. ते काम माझ्या गळ्यात पडेपर्यंत मलाही तो फार आवडला होता.

"माझ्याच का?" मी विचारलं.

"तुमचा आवाज मोठा आहे. लोक ऐकतात."

हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून उमगलेलं नाही. स्वतः एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि शेळ्या कोण? तर मी.

फायलींची खोली मागच्या बाजूला, जिन्याखाली. आमच्याकडे फाइल बनवणाऱ्याच्या मनाला येईल ते तो लिहितो. कोणाचं गाव आडनावाच्या जागी, कोणाचं वय दोन भेटींत दहा वर्षांनी उतरलेलं. एका फायलीत पत्त्यासमोर लिहिलं होतं, 'मामाच्या घरी'. आता कोणाच्या मामाच्या? जिल्ह्यात काय एकच मामा आहे? एका फायलीवर लाल शाईनं 'मृत' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. कधी गेले, कशानं गेले, मशीननं दगा दिला का, हे घरच्यांना विचारणं भाग होतं. मी आवाज मऊ केला, म्हणजे माझ्या परीनं केला, आणि फोन लावला. म्हटलं, तुमच्याकडचे अमुक अमुक वारले, त्याबद्दल थोडं विचारायचं होतं.

पलीकडून उत्तर आलं, "मीच बोलून राहिलो न."

माझ्या तोंडून निघालं, "नक्की का?"

तो माणूस जरा विचारात पडला. मग घरात तोंड करून ओरडला, "अवो, दवाखान्यातून फोन आहे, मी मेलो म्हणते!" मागून बायकोचा आवाज आला, "मंग चहा ठेवू का नको?"

मी फोन ठेवला आणि फायलीवरचं 'मृत' खोडलं. डॉक्टर खूश. म्हणाले, बघा, रेकॉर्ड सुधारलं. मी म्हटलं, साहेब, एका मेलेल्या माणसाला आपण चहा पाजला, त्याचं कुठे रेकॉर्ड ठेवता का? ते हसले नाहीत. आमचे डॉक्टर माणूस सोन्यासारखा, पण हसणं आणि खोटं बोलणं या दोन गोष्टी त्यांना शिकवायच्या राहून गेल्या.

असं करत करत यादीतले सगळे सापडले. जिवंत ते जिवंत, गेले ते गेले. एक म्हातारी तेवढी राहिली. कोहमाऱ्याजवळच्या एका खेड्यातली. मशीन बसवल्यावर टाके दाखवायला एकदा आली, त्यानंतर फायलीत दरवर्षी कोणीतरी इमानदारीनं लिहून ठेवलं होतं, 'आली नाही'.

"आली नाही म्हणजे काय?" डॉक्टर म्हणाले. "मेली, बरी झाली की रुसली?"

मग त्यांनी फायलीतली जुनी पट्टी काढून माझ्यापुढे धरली. ती पाहिली आणि माझा चेष्टेचा मूड गेला. या बाईचं स्वतःचं हृदय जवळपास चालतच नव्हतं. जे काही ठोके होते ते मशीनचे. आणि मशीनला आता दहा वर्षं होऊन वर काही महिने झाले होते. "बॅटरी संपत आली असणार," डॉक्टर म्हणाले. "ही बाई जिवंत असेल, तर तिला लवकर आणा. बॅटरी संपली की ती संपली."

फायलीतल्या नंबरवर मी फोन लावला. तो उचलला रायपूरच्या एका ट्रक ड्रायव्हरनं. मी म्हटलं, "भैया, ये नंबर एक बुढी माँ का है."

"मैडम, मैं ट्रक चलाता हूँ, मैं किसी की माँ नहीं हूँ."

मला वाटलं, चुकून लागला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. पुन्हा तोच. तिसऱ्या दिवशी तर त्यानंच विचारलं, "माताजी मिली क्या?" मी उगाच त्याच्यावर ओरडले. तो बिचारा म्हणाला, मिल जाएगी मैडम, टेन्शन मत लो. ओरडणाऱ्याला धीर देणारा माणूस भेटला की जास्तच राग येतो.

शेवटी मी एसटी धरली. कोहमाऱ्याला उतरून ढाब्यावर चहा घेतला आणि तिथून ऑटो करून गावात पोचले. दिवस धानाच्या कापणीचे. अर्धं गाव बांधीत, म्हणजे शेतात, उरलेलं अर्धं पानठेल्यावर. मी फायलीतलं नाव सांगितलं.

"अशी बाई आमच्या गावात नाही," एक जण म्हणाला.

"नाही कशी? इथलाच पत्ता आहे."

"मॅडम, मी याच गावात जन्मलो. या नावाची बाई नाही म्हणजे नाही."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. एक म्हातारबा म्हणाले, असं नाव त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी लांब मी काय हवा खायला आले होते? मी नवऱ्याचं नाव सांगितलं. तेव्हा पहिला म्हणाला, "तो तं मेला न. बरीच वर्षं झाली."

"मग त्याची बायको?"

"चिचगडवाली होय का? मंग तसं सांगा न वो! नाव कायले सांगून राहिल्या?"

आता या प्रश्नाला काय उत्तर देणार! आमच्या भागात सून घरात आली की तिचं नाव माहेरीच राहतं. इथे ती माहेरच्या गावाची होते, तिरोडावाली, आमगाववाली, आणि मरेपर्यंत तीच हाक. हे मला माहीत होतं. माझ्या स्वतःच्या काकूचं खरं नाव मला तिच्या तेराव्याला कळलं. पण हॉस्पिटलचा कोट घातला की माणूस आपल्या घरातलंही विसरतो.

"बरं, चिचगडवाली. कुठे राहते?"

"कोणती?"

"म्हणजे?"

"तीन हायेत. चिचगडच्या पोरी कामाले वाघीण, म्हणून आमच्या गावानं तिथूनच आणल्या."

पहिली चिचगडवाली पाटलाच्या वाड्याशेजारी सापडली. तिनं मला आत नेलं, बसवलं, आणि मी छातीवर टाक्यांची खूण आहे का विचारायच्या आत दोन्ही गुडघे उघडे करून दाखवले. मी म्हटलं, आजी, मी हृदयाची आहे. ती म्हणाली, मंग काय झालं, गुडघा का कोणा दुसऱ्याचा आहे? गुडघ्यांनंतर डोळे झाले, डोळ्यांनंतर सुनेचा स्वभाव झाला. तिला मशीन नव्हती. पण असायला काही हरकत नव्हती, असं तिचं मत पडलं. दुसरी चिचगडवाली वीस-बावीस वर्षांची निघाली, डोक्यावर भारा घेऊन धावतच गेली, थांबलीसुद्धा नाही. तिसरीचं घर गावाच्या टोकाला.

अंगणात खाट, खाटेवर म्हातारी, तिच्या नाकापर्यंत शाल. ऊन चांगलं कडक होतं. बाजूला चटईवर कोहळ्याच्या वड्या वाळत घातल्या होत्या. मी शाल सारून छातीवरची खूण पाहिली, आणि मला इतका आनंद झाला की मी जवळपास तिचा मुकाच घेणार होते. जिवंत होती माझी चिचगडवाली! एव्हाना तिची सून चहा घेऊन आली. चाळिशीच्या आतबाहेरची बाई, पदर खोचलेला, हाताला कापणीच्या चिरा. तिनं बशीत चहा ओतला, फुंकला, आणि सासूच्या तोंडाला लावला.

मी पाहतच राहिले. "हात चालत नाही का यांचा?"

"मशीन आहे न वो ताई," सून म्हणाली. "हात वर नाई न्यायचा."

"तो डावा हात. आणि उजव्याला काय झालं?"

म्हातारी शालीतून क्षीण आवाजात म्हणाली, "मशीनचा करंट इकडंबी येते, माय."

मी तीस वर्षं लोकांच्या छातीला वायरी लावते आहे, हा करंट मला नवीन होता. पुढे कळलं की या घरात मशीनचे कायदेकानून होते. आत्याबाई घरात असताना मिक्सर फिरवायचा नाही. सून तिला आत्याबाईच म्हणायची. आत्याबाईला पाणी भरायला, भांडी घासायला, रोवणीला, निंदायला सांगायचं नाही. आत्याबाईची मालिका चालू असताना चॅनल बदलायचा नाही, कारण अचानक बदलला तर हृदयाला झटका बसतो. एवढं सगळं डॉक्टरांनी सांगितल्याचं घरात सगळ्यांना पाठ होतं. मी हात जोडले. आमच्या डॉक्टरांनी आयुष्यात इतकी वाक्यं एका दमात बोललेली नाहीत.

सून हापशीवर पाणी आणायला गेली. मी म्हातारीला विचारलं, तपासायला का आल्या नाही? ती कण्हली. "कशी येऊ माय? उठता येत नाई, बसता येत नाई."

तेवढ्यात कौलांवरून एक वांदर उतरलं. चांगलं दांडगं, काळतोंड्या. ते वड्यांच्या चटईकडे गेलं. मी "अगं बाई" म्हणेपर्यंत माझ्या बाजूची शाल हवेत उडाली. म्हातारी उभी. जळतणाच्या ढिगातला मनगटाएवढा ओंडका तिनं उचलला, डाव्या हातानं, खांद्याच्या वर नेला आणि असा फेकला की वांदर ज्या वाटेनं आलं त्याहून लवकर गेलं. वरून एक शिवी. ती मी लिहीत नाही, पण नेम आणि शिवी दोन्ही जागच्या जागी बसले. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, खाटेवर पडली आणि शाल नाकापर्यंत ओढली.

"तुमी काई पाह्यलं नाई," शालीतून आवाज आला.

मला हसू आवरेना. दोन्ही हातांनी तोंड दाबून हसले. म्हातारी गालात हसायला लागली आणि म्हणाली, "आता सुनेले सांगाल काय?"

"आधी मला सांगा. हे नाटक कायले?"

"बाई, मी लगन होऊन आली अन् दुसऱ्याच दिवशी सासूनं बांधीत उतरवली. रोवणी झाली का निंदण, निंदण झालं का कापणी. बाळंतपणात बी सव्वा महिना कोणी बसू नाई दिलं. मंग ही मशीन बसली, तं तुमचे डॉक्टर म्हणे, दीड महिना आराम. पह्यल्यांदा कोणी म्हणलं मले, बस म्हणून." तिनं शाल जरा खाली सारली. "मले गोडी लागली न वो आरामाची. दीड महिना संपला, पण मी काई संपू नाई दिला."

"आणि तपासायला?"

"तपासले तं डॉक्टर म्हणन, बरी आहेस, काम कर. मंग कोण येते?"

हिशेब एकदम सरळ होता. जी मशीन जपण्यासाठी ती घरी बसली होती, ती मशीन तपासायलाच ती येत नव्हती. मी तिचं मनगट धरलं आणि घड्याळ लावून मोजलं, आणि माझं हसू गेलं. या बनावटीची मशीन बॅटरी संपत आली की ठोके कमी करून ठेवते. ते कमी झाले होते. मी विचारलं, चक्कर येते का? ती इकडेतिकडे पाहायला लागली. दोनदा आली होती म्हणे. एकदा तर गोठ्यापाशी डोळ्यांपुढे अंधार येऊन ती खालीच बसली होती. कोणाला सांगितलं नव्हतं.

मग मात्र मी भडकले. "आजी, आरामाची एवढी हौस असेल तर कायमचा आराम मिळेल! बॅटरी संपली की तुम्ही संपल्या. कळतं का? वांदर येईल, वड्या खाईल, आणि तुम्ही पाहायलासुद्धा नसाल!"

वड्यांचं तिला पटलं. मरणाचं फारसं पटलं नव्हतं. चटईवरच्या वड्यांकडे पाहून ती म्हणाली, "येते. पण डॉक्टरले सांगून ठेवजा, सुनेसमोर बरी आहे म्हणून म्हणू नको. तिचा भरोसा उडन माझ्यावरून. भोळी आहे बिचारी."

दोन दिवसांनी म्हातारीचा मुलगा आई आणि बायकोला घेऊन हॉस्पिटलात आला. डॉक्टरांनी मशीन तपासली. खरंच, बॅटरी पार तळाला गेली होती. दुसऱ्या दिवशीच बदलायचं ठरलं. इथवर ठीक. पण डॉक्टरांना त्यांच्या अभ्यासासाठी प्रश्न विचारायचे होते, आणि ते विचारल्याशिवाय ते कोणाला सोडत नाहीत. मी आधीच त्यांच्या कानात सगळं सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले होते, "मी खोटं लिहिणार नाही." मी म्हटलं, लिहू नका हो, पण बोलूही नका.

"घरातली कामं करता?" डॉक्टरांनी विचारलं.

म्हातारीनं सुनेकडे पाहून मान हलवली. "नाई वो साहेब. लोटा उचलत नाई."

"जिना चढता?"

"कुठून?"

यावर मुलगा अभिमानानं म्हणाला, "पण साहेब, मागल्या साली कचारगडच्या जत्रेले गेली होती न माय. पार वरच्या गुहेपर्यंत. माझा दम उखडला, ही पुढे."

डॉक्टरांचं पेन थांबलं. मी खोकले. म्हातारी शांतपणे म्हणाली, "देवाच्या कामाले मशीन आडवी नाई येत."

डॉक्टर बिचारे कागदाकडे पाहत राहिले. छापलेल्या रकान्यांत 'फक्त देवाच्या कामाला' असा रकाना नव्हता. सून खाली मान घालून उभी होती. ती हसते आहे की काय असं मला क्षणभर वाटलं, पण मला तेव्हा तिच्याकडे पाहायला फुरसत नव्हती. मी डॉक्टरांच्या हाताकडे पाहत होते. शेवटी त्यांनी मोठ्या कष्टानं लिहिलं, 'पेशंटच्या उत्तरांत मेळ नाही'. खोटं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीला आत नेलं. जाता जाता तिनं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "बाई, जुनी काढतील अन् नवी लावतील, त्याच्या मधात काय?" आतापर्यंत मी तिला कधी घाबरलेली पाहिली नव्हती. मी म्हटलं, मधात आम्ही आहोत की. खरं तर मधल्या वेळासाठी बाहेरून तात्पुरती मशीन लावतात, पण ते समजावून सांगायचं सोडून मी तिची चादर नाकापर्यंत ओढून दिली. मला ती म्हातारी आवडायला लागली होती, दुसरं काय!

मुलगा औषधं आणायला गेला. बाहेरच्या बाकावर मी आणि सून. सून बाकाच्या अगदी कडेला बसली होती, कोणी हाक मारली तर लगेच उठता यावं अशी. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "घाबरू नका, आत्याबाई लवकर बऱ्या होतील."

"ती बरीच आहे न ताई," सून म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"पह्यल्या वेळी बी मीच सोबत होती. डॉक्टर म्हणे दीड महिना. मीच ऐकलं. दीडच महिना आहे, हे घरी कोणाले नाई सांगितलं."

"म्हणजे तुला सगळं माहीत आहे?"

"मी बांधीत गेली का बुढी काय काय करते, सारं गाव सांगते मले. त्या दिवशी वांदर कोणी हाकललं ते बी माहीत आहे." ती हसली, आणि हसता हसताच पदरानं डोळे पुसायला लागली. "तिले वाटते, मी भोळी. वाटू द्या."

"अगं, मग इतकी वर्षं तू एकटी का राबून राहिली? चहा काय पाजते, बशी काय फुंकते!"

तिनं डोळ्यांवरचा पदर खाली घेतला. मग म्हणाली, "मी नवीन आली होती ताई. पाह्यलं तं बुढी कोंबडा बोलायच्या आधीपासून कामाले. जेवतानी बी बसत नव्हती, उभ्यानंच घास. मले भेवच वाटलं. त्या घरात बसलेली बाई कोणी पाह्यलीच नव्हती. म्हटलं, ही एकदा बसली तं घराले सवय पडन. मंग जवा माझी पाळी येईल, तवा कोणी नवल नाई करणार." तिनं आतल्या दाराकडे पाहिलं. "म्हणून ती जगली पायजे. ती गेली, तं खाट उचलून माळ्यावर टाकतील हे लोक."

"खाट जागेवरच राहील," मी कुजबुजले. मी. जिचा आवाज मोठा आहे म्हणून काम दिलं, ती.

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, झालं, व्यवस्थित झालं, नवी मशीन छान चालते आहे. सून उठून उभी राहिली आणि भिंतीला धरून रडली, मोठ्यानं, लाजही न बाळगता. एवढ्यात मुलगा औषधं घेऊन आला. डॉक्टरांनी त्याला सांगायला सुरुवात केली, "आता दीड महिना डाव्या हातानं जड..."

"मी ऐकलं साहेब," सून मध्येच म्हणाली. "याले कायले सांगता, मीच करते न सारं. मी पाहीन."

मुलगा मान हलवून पिशवी ठेवायला गेला. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं, आणि काहीएक न बोलता आत गेले. सरकारी बक्षीस असतं तर मी त्या माणसाला तिथल्या तिथे दिलं असतं.

सून पुन्हा बाकावर बसली. या वेळी जरा मागे सरून, पाठ टेकून. थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, "ताई, ही मशीन कोणाले लावता तुमी?"

"ज्याचे ठोके कमी पडतात त्याला."

"वय लागते काय?"

"वय नाही लागत. ठोके कमी लागतात."

तिनं इकडेतिकडे पाहिलं, बांगड्या वर सारल्या आणि हात माझ्यापुढे केला. "माझे पाहा न."

मी तिचं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं आणि मोजायला लागले. इतकी चांगली नाडी मी त्या अख्ख्या आठवड्यात पाहिली नव्हती. एकसारखी, भरलेली, कुठे चूक नाही, कुठे खोट नाही. अजून चाळीस वर्षं धानाचे भारे वाहील अशी नाडी. मला त्या नाडीचा इतका राग आला म्हणून सांगू!

"कमी हायेत काय?" ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"थांब," मी म्हटलं, "मोजताना मध्येच चुकलं," आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.